खांद्याचा खिमा

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शुक्रवारी, संध्याकाळी साडेसातला, कॉर्कजवळच्या कॅरिगलाइनमधल्या आमच्या स्वयंपाकघरात. तिला सातवा महिना चालू होता. तिच्या ताटात हरणाचा खिमा होता आणि खिम्यात शिसं होतं. टेबलाशी आम्ही चौघं होतो. त्यातल्या तिघांना हे माहीत नव्हतं.

आधी हरणाबद्दल. ते दादाने मारलं होतं. दादा रिंगास्किडीच्या एका औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तयार मालात धातूचा कण गेला आहे का, हे तपासणारी मशीनं त्याच्या ताब्यात असतात. डोळ्याला दिसणार नाही एवढा कण सापडला तरी तो अख्खी बॅच अडवतो. घरी येऊन अभिमानाने सांगतो, "आज अडवली."

शिकार त्याला त्याच कारखान्यातल्या एकाने शिकवली. टिपेररीच्या शेतकऱ्याचा मुलगा, जेवायलासुद्धा चिखलाचे बूट घालून येणारा. मी शिकारीच्या विरुद्ध नाही, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर अर्धे वाचक इथेच मान हलवायला लागतील. या देशात हरणांना खाणारं जनावर उरलेलं नाही. ती कोवळी झाडं बुंध्यापासून सोलून खातात. कुणीतरी ती मारायला हवीत. माझं भांडण शिशाशी आहे. शिशाची गोळी हाडावर आदळली की फुटते, आणि तिचे वाळूएवढे कण जखमेपासून वीतभर लांब मांसात पसरतात. तांब्याची गोळी फुलासारखी उमलते, पण अखंड राहते. डोंगरावर टाकलेली आतडी गरुड आणि डोमकावळे खातात, मांस माणसं खातात. गेली दोन वर्षं मी शेतकी जत्रांमधून घडीचं टेबल मांडून हेच सांगणारी पत्रकं वाटते आहे. लोक पत्रक घेतात आणि त्यात सॉसेज गुंडाळून नेतात.

ऑगस्टमध्ये मी दादाला बंदुकीच्या दुकानात ओढत नेलं. तांब्याची काडतुसं दोन वजनांत होती. दुकानदार शहाणा होता. तो म्हणाला, हलकी घे. तांबं शिशापेक्षा हलकं असतं, म्हणून वजनाला जड असलेली तांब्याची गोळी लांबीला फार वाढते, आणि दादाच्या जुन्या बंदुकीच्या नळीतले आटे एवढ्या लांब गोळीला पुरेसा पीळ देऊ शकत नाहीत. घरी बसून काडतुसं भरायची आणि वजन जुळवत राहायचं, अशी इथे सर्रास परवानगी नाही. दुकानात जी पेटी मिळते, तीच आपली. म्हणजे निवड त्या एका मिनिटात, त्या काउंटरवर करायची.

दादा म्हणाला, "हलकी? एवढं मोठं जनावर हलक्या गोळीने पाडायचं?"

"अरे, तो रोज हेच विकतो."

"ए शहाणे, फिजिक्स मला होतं, तुला नाही."

त्याने जड पेटी घेतली. मी वाद घातला नाही, कारण मला फोटो हवा होता. त्याच्या पंज्यात ती पेटी, मागे डोंगर. पुढच्या पत्रकाच्या पहिल्या पानावर मी तोच छापला आणि खाली लिहिलं: माझ्या भावाने शिसं सोडलं. तुम्ही?

सप्टेंबरात त्याने निशाणाच्या मैदानावर ती पेटी उघडली, तीन गोळ्या झाडल्या, आणि तिन्ही तीन गावांना गेल्या. त्याने पेटी परत लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि जुनी शिशाची पेटी काढली. हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मी विचारलं होतं, "तांबं कसं वाटलं?" तो म्हणाला, "ग्रँड." इथे 'ग्रँड' म्हणजे 'छान, ठीक'; या शब्दात काहीही लपवता येतं, आणि दादा इथे नऊ वर्षं राहतो आहे.

आता खांदा. गोळी खांद्यात लागते आणि तिथलं मांस फाटून काळं-निळं होतं. टिपेररीवाला ते कापून कोल्ह्यासाठी बाजूला फेकतो. इथले सगळेच फेकतात. दादा ते पिशवीत भरून घरी आणायचा, कारण घरी आई होती. बाळंतपणासाठी ती नागपूरहून आली होती आणि तिच्या डोळ्यांदेखत अन्न फेकायची कुणाची छाती नव्हती.

"काहून फेकतेत बाबू हे लोकं? चांगलं मांस हाय. खिमाच तं करायचा हाय, मंग फाटलेलं काय न् अख्खं काय?"

बाहेरून पाहिलं तर बिनतोड युक्तिवाद आहे. हा आमच्याच घरात होऊ शकतो. जो भाग शिकारी कोल्ह्याला टाकतो, तो आम्ही धुऊन, निवडून, जिला सगळ्यात जास्त जपायचं तिला वाढला. आणि हरणाला उग्र वास येतो म्हणून आई तो खिमा रात्रभर दह्यात आणि व्हिनेगरमध्ये मुरवायची. आंबटात शिसं विरघळतं. विरघळलेलं शिसं पोटातून रक्तात जायला सोपं. फ्रीझरमधल्या पिशव्यांवर दादाच्या नीटस अक्षरात लिहिलेलं असे: 'खांदा, खिमा'. वहिनीला डोहाळे खिम्याचेच होते. बायकोचे डोहाळे स्वतःच्या बंदुकीने पुरवतो म्हणून दादाची मान इतकी ताठ झाली होती की दारातून आत येताना लागेल की काय.

त्या आठवड्यातल्या मंगळवारी मी कचरा बाहेर ठेवत होते. कागदांच्या डब्यात एक रिकामी पेटी दिसली. काडतुसांची, शिशाची, वीसच्या वीस वापरलेली. मी दादाला काही बोलले नाही. फ्रीझरमधली एक पिशवी उचलली आणि आमच्या पत्रकांच्या टेबलावर मदतीला येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरणीकडे दिली. तिने ती कुत्र्या-मांजरांच्या एक्स-रे मशीनखाली ठेवली. शुक्रवारी चार वाजता फोटो आला. राखाडी खिमा, आणि त्यात खसखस पेरावी तसे पांढरे कण. खाली तिने लिहिलं होतं: हे कुणाला खाऊ देऊ नकोस.

चार वाजता. आणि आम्ही जेवलो साडेसातला.

मधल्या साडेतीन तासांत मी काय केलं ते सांगते. मी विचार केला. दुसऱ्या दिवशी वहिनीचं डोहाळजेवण होतं, कॉर्कभरची आपली तीस माणसं येणार होती, आणि पूजेचं आटोपल्यावर खिम्याचे पॅटिस वेगळ्या टेबलावर मांडायचं ठरलं होतं. चौघांत बोलले असते तर दादा "बरं बाई" म्हणाला असता आणि पुढच्या शनिवारी पुन्हा शिसं भरून डोंगरावर गेला असता. तिसांसमोर बोलले तर विषय मिटत नाही. प्रचार करणाऱ्याला हेच शिकवलेलं असतं: गर्दी जमेपर्यंत थांब.

मी थांबले.

आईने वहिनीच्या ताटात वाटी ओतली. "घे माय, दोन जिवाची हायेस."

वहिनी माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू का नाही घेत गं?"

"पोट बरं नाही."

"मग तुझा वाटा बाळाला," ती हसली, आणि माझी वाटीही तिने पुढे ओढली. मी समोर बसून डाळभात खात होते. तिने पोळीने वाटी पुसून घेतली.

दुसऱ्या दिवशी वहिनी हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत बसली होती. टीव्हीवर त्यांच्या लग्नाचे फोटो एकामागून एक येत होते. ओटी भरून झाली, दादा पॅटिसचा ट्रे घेऊन आला, आणि मी फोनवरून तो फोटो टीव्हीवर टाकला.

एक काकू टाळ्या वाजवत म्हणाल्या, "अगं बाई, सोनोग्राफी! बाळ कुठंय? हे का?"

"हा खिमा आहे," मी म्हणाले. "पांढरं दिसतंय ते शिसं. दादा, कारखान्यात ही बॅच तू सोडली असतीस?"

दादाच्या हातातला ट्रे कुणीतरी काढून घेतला. तो म्हणाला, "तांब्याची नीट लागत नव्हती गं. जनावर जखमी होऊन पळालं असतं. तडफडून मेलं असतं."

"म्हणून बायकोला खाऊ घातलंस?"

आई पुढे आली. "मी तं चार पाण्यानं धुतलं होतं. माह्या हातानं."

"धुऊन शिसं जात नाही. वर तू ते दह्या-व्हिनेगरात विरघळवून दिलंस, आई." मी हे सगळ्यांसमोर बोलले. शब्द बरोबर होते, एकही चुकीचा नव्हता. आई खाली बसली. खुर्ची नव्हती तिथे.

वहिनी ओरडली नाही. तिने एकच विचारलं. "तुला कधी कळलं?"

"काल."

"काल कधी?"

"चारला."

खोलीत बाकी कुणाला काही समजलं नाही. आम्हा चौघांना समजलं. वहिनीने गळ्यातला फुलांचा हार काढला, मांडीवर ठेवला आणि दाराकडे बोट केलं.

वहिनीच्या रक्तात शिसं निघालं. हाडांत साठून राहतं, गरोदरपणात हाडांतून सुटतं, दुधातही उतरतं, डॉक्टरने सांगितलं. जानेवारीत मुलगी झाली. तिच्याही रक्तात निघालं. थोडं. "थोडं म्हणजे ठीक ना?" दादाने विचारलं, तर डॉक्टर म्हणाली की या बाबतीत ठीक असं काही नसतं, आता वाढताना लक्ष ठेवायचं. मुलगी उशिरा बोलायला लागली तर कारण हेच, असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. कारण हे नव्हतं, असंही नाही. ही वाट बघणं वहिनीच्या वाट्याला आलं आहे, काही वर्षांसाठी. शुक्रवारच्या दोन वाट्या त्यात किती, ते कुठल्याच मशीनला सांगता येणार नाही. त्या दोन वाट्या माझ्या.

आई ठरल्याआधी नागपूरला परतली. जायच्या दिवसापर्यंत तिने गॅस पेटवला नाही. मी आता कॉर्क शहरात खोली घेऊन राहते. वहिनी माझा फोन उचलत नाही. का उचलावा?

फेब्रुवारीत दादाने तीच हलक्या वजनाची तांब्याची पेटी आणली, जी दुकानदाराने ऑगस्टमध्ये पुढे केली होती. नळी घासून जुन्या धातूचा थर काढला, पेटी अख्खी झाडली. दोन रविवारी सकाळी. निशाणाच्या कागदावर तीन भोकं एका नाण्याखाली झाकली जातील अशी. त्याने फोटो पाठवला, खाली एक शब्द नाही. एवढंच लागत होतं. दोन सकाळी, आणि एका दुकानदाराचं ऐकणं.

त्याच्या फोटोची पत्रकं माझ्याकडे अजून चार खोकी उरली आहेत. मी ती वाटत नाही. हे, तुम्ही आत्ता वाचताय ते, वाटते.

तुमच्यातला जो बंदूक बाळगतो त्याने हंगामाआधी तांबं घ्यावं, आपल्या नळीला मानवेल त्या वजनाचं, आणि तीन गोळ्यांनी हार न मानता पेटी संपवावी. बाकीच्यांनो, आत्ता उठा. फ्रीझर उघडा. कुणी दिलेली हरणाच्या मांसाची पिशवी असेल तर देणाऱ्याला फोन करून विचारा: शिसं होतं की तांबं? तो "ग्रँड" म्हणाला तर पिशवी कचऱ्यात टाका. कोल्ह्यालाही देऊ नका. आणि तुम्हाला कळलेलं असेल, समोर कुणी जेवायला बसलेलं असेल, तर पाहुण्यांची वाट बघू नका. पहिल्या घासाच्या आधी बोला.