पातूरच्या लेण्यांतली चित्रं

माझा स्वभाव तापट, हे आधीच सांगून टाकते. माहेरी अमरावतीला सगळे म्हणायचे, ही नाकावर माशी बसू देत नाही. लग्न होऊन अकोल्याला आले, एका मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायला लागले, तरी माशीला काही नाकावर जागा मिळाली नाही.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी नोट्सची एक वही केली. दोनशे पानी, खाकी कव्हरची. पाठ्यपुस्तकात आपल्या वऱ्हाडाबद्दल फारसं काही नसायचं, म्हणून आठवीच्या मुलींसाठी 'आपला परिसर' असं एक प्रकरण मी स्वतः लिहून काढलं. पुढे अभ्यासक्रम बदलले, पुस्तकं बदलली, हे प्रकरण मात्र जसंच्या तसं राहिलं. मी सांगायचे, मुली लिहून घ्यायच्या. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं ठरलेलं. विनोद करायच्या जागी समासात फुली मारून ठेवलेली होती. हसा हवं तर, पण मला त्या वहीचा केवढा अभिमान होता!

काय दिवस होते ते! भूगोलाच्या बाई वरूडकडच्या. हिवाळाभर त्यांच्या पिशवीतून संत्री यायची आणि मधल्या सुट्टीत आमच्या टेबलावर सालींचा ढीग पडायचा. रस्त्याकडेच्या काटेरी झुडपांना गाड्यांमधून उडालेला कापूस लटकलेला असायचा. उन्हं अंगावर घेत आम्ही बाया हसत-खिदळत बसायचो. कुणी उद्याच्या तासाची तयारी करत बसलं की मी फोड तोंडात टाकत म्हणायचे, "माझं बाई सगळं पाठ आहे." उन्हाळ्यात शिक्षकांची प्रशिक्षणं असायची. तिथे मी हजेरीवर सही करायचे आणि शेवटच्या खुर्चीवर बसून स्वेटर विणायचे. अकोल्याच्या मे महिन्यात, हौ, लोकरीचा स्वेटर! समोर कुणीतरी घसा फोडून बोलत असायचं आणि मी मनात म्हणायचे, हे मला काय शिकवणार?

अशी बावीस वर्षं गेली.

बाविसाव्या वर्षी आठवीच्या वर्गात मी नरनाळ्याचा किल्ला शिकवत होते. तिथे माझी एक फुली होती. किल्ला एवढा मोठा, की शत्रू आत शिरला तरी बाहेर पडायचा रस्ता विचारायला त्याला आमच्याच पहारेकऱ्याला उठवावं लागे, असा तो विनोद. मी नुसतं "किल्ला एवढा मोठा" म्हटलं आणि दुसऱ्या बाकावरची एक मुलगी फिस्सकन हसली.

"काय गं, दात काढायला काय झालं?"

"मॅडम, आता तो शत्रू रस्ता इचारते ना," ती म्हणाली.

तिच्याजवळ तिच्या आईची वही होती. तिची आई माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याच वर्गात होती. दोन वेण्या, पहिला बाक, मोत्यासारखं अक्षर. मला लगेच आठवली. तिनं माझ्या नोट्स वीस वर्षं जपून ठेवल्या आणि आता मुलीला दिल्या! मी ती वही शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दाखवत फिरले. भूगोलाच्या बाईंनी पानं चाळली आणि म्हणाल्या, "अगं बाई, एक शब्द बदलला नाहीस की तू!" तेही मला कौतुकच वाटलं.

दोन-तीन दिवसांनी पातूरची लेणी आली. मी सांगत होते, "ही लेणी प्राचीन असून त्यांच्या भिंतींवर सुंदर रंगीत चित्रे आहेत." त्याच मुलीनं हात वर केला.

"मॅडम, तथी चित्रं नाईत."

"काय?"

"माहं आजोळ पातूरचं हाये. दिवाळीत पाह्यली मी लेणी. भिंती साध्याच हायेत, दगडाच्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी बावीस वर्षं शिकवतेय, आणि तू कालची पोर मला शिकवायला निघालीस? तुझी आई पातूरचीच ना? तिच्या वहीत काय लिहिलंय? वाच. मोठ्यानं वाच!"

तिनं वाचलं. भिंतींवर सुंदर रंगीत चित्रे आहेत.

"मग? तुझी आई काय आंधळी होती?"

सगळा वर्ग हसला. तिला मी तास संपेपर्यंत दाराशी उभं केलं. वही छातीशी धरून ती खाली बघत उभी राहिली. मला वाईट वाटलं का? खोटं कशाला सांगू, बरंच वाटलं. अशांना वेळीच आवर घातलेला बरा, असं मी त्या दिवशी घरी जेवताना नवऱ्याला सांगितलंसुद्धा.

त्यानंतर ती मुलगी वर्गात बोलली नाही. हसलीही नाही. माझ्या ते लक्षातही आलं नसतं, पण महिन्याभरात चाचणी झाली आणि तिचा पेपर हातात आला. 'टीप लिहा: पातूरची लेणी.' तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, भिंतींवर सुंदर रंगीत चित्रे आहेत. माझं वाक्य, काना-मात्रेचाही फरक नाही. मी सवयीनं पाचापैकी पाच दिले आणि पुढचा पेपर ओढला. मग तो बाजूला ठेवून पुन्हा तिचाच घेतला.

ही पोर तर म्हणत होती, मी पाहिलंय, चित्रं नाहीत. मग ती तेव्हा खोटं बोलत होती की आता लिहितेय? आणि तिचं खोटं ठरवणारी मी, मी कुठे पाहिली होती लेणी?

नव्हती पाहिली. अमरावतीला कॉलेजात असताना सहल अजिंठ्याला गेली होती, तेव्हापासून लेणी म्हणजे चित्रं असं डोक्यात बसलेलं. वही लिहिताना हात आपोआप ते लिहून गेला. माझं सासर वाशीमकडचं. तिकडे जाणारी एसटी पातूरला थांबायची. शेकडो वेळा मी तिथे उतरून भजी खाल्ली असतील. जवळच तर आहेत लेणी, जाऊ कधीतरी, म्हणत पुन्हा गाडीत चढले. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हाच.

रविवारी मी एकटीच पातूरची गाडी पकडली. विचारत विचारत गावाबाहेर गेले. टेकडीच्या पोटात कोरलेल्या खोल्या, जाड खांब, आत गारवा. भिंती साध्या, दगडाच्या. तरी मला आशा होती बघा! मोबाईलचा उजेड पाडून मी कोपरान् कोपरा बघितला, भिंतींवरून हात फिरवला, रंगाचा एखादा पोपडा तरी सापडेल म्हणून. बाहेर एक म्हातारी शेळ्या चारत होती. बराच वेळ माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "काय हुडकून राह्यल्या बाई? काई पडलं काय?"

"चित्रं बघतेय. भिंतींवरची."

"चित्रं?" म्हातारी मनापासून हसली. "त्याच्यासाठी अजिंठ्याले जा लागते ना माय!"

मी पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं. वाक्य चुकलं याचं नव्हतं एवढं. चूक कुणाचीही होते. पण त्या पोरीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं पुसून टाकलं होतं आणि माझं न पाहिलेलं खरं म्हणून लिहिलं होतं, पाच मार्कांसाठी. आणि ते मी तिला करायला लावलं होतं.

घरी नवरा म्हणाला, "एका वाक्यानं काय होतं? पुढच्या वर्षी गाळून टाक. कोण विचारतं?" तो मार्ग मलाही सुचला होताच. रात्रभर तोच बरा वाटत होता. पण ते वाक्य गुपचूप गाळलं असतं तर ती मुलगी जन्मभर तशीच राहिली असती. डोळ्यांना दिसलं तरी आधी मोठ्या माणसाचं तोंड बघणारी. ते मला सहन होईना.

सोमवारी वर्गात गेले. खडू उचलला, परत ठेवला. बावीस वर्षं बोलून बोलून झिजलेली जीभ, त्या दिवशी टाळूला चिकटली. "लेण्यांत चित्रं नाहीत," मी म्हटलं. "मी काल जाऊन आले. मी न बघताच शिकवत होते. हिचं बरोबर होतं, आणि मी हिला सगळ्यांसमोर बोलले. माझं चुकलं. मला माफ कर बाळा."

मागून एकीनं काळजीनं विचारलं, "मॅडम, मंग आमचे पाच मार्क कापता काय?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. ती मात्र मान खाली घालून बाकावर बोटानं रेघा ओढत राहिली. मला वाटलं, गेलं हे पाखरू हातातून. मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, तुमी एकट्याच गेल्या होत्या?"

"हो गं."

"मले सांगतलं असतं तं मी आली असती ना," ती म्हणाली आणि पळाली.

ती वही मी फाडली नाही. एवढं नाटक माझ्याच्यानं होत नाही. कपाटात टाकली आणि एक ठरवलं, की दर वर्षी निदान एक तरी गोष्ट अशी शिकवायची जी आदल्या वर्षी मला येत नव्हती. ऐकायला केवढंसं वाटतं, पण माझा जीव काढला त्यानं. दिवाळीच्या सुट्टीत अकोटची एसटी पकडून नरनाळ्याला गेले, गुडघे धरत धरत किल्ला चढले. मुलींकडून कॉम्प्युटरवर नकाशे दाखवायला शिकले, त्या मला ओरडायच्या, "मॅडम, असं नाही, तसं दाबा!" प्रशिक्षणात लोकर घरी ठेवून पहिल्या रांगेत बसायला लागले. एवढे प्रश्न विचारायचे की मागून कुणीतरी म्हणायचं, "बाई, जेवायची सुट्टी होऊ द्या आता!" सगळ्यांत अवघड गेलं ते वर्गात "मला माहीत नाही, उद्या बघून सांगते" म्हणणं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा कान तापले होते. नंतर त्यात मजा यायला लागली. शिकणं थांबलं की माणूस शिळा होतो, आणि शिळं वाढणाऱ्याला त्याचा वास येत नाही, ताटावर बसलेल्यालाच येतो. हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं, पण कळलं खरं. ती शेवटची अकरा वर्षं मी जेवढ्या आनंदात शाळेत गेले तेवढी आधी कधी गेले नव्हते. आज अमरावतीत मुलाकडे राहते, सकाळी अकरा वाजले की अजून जीव शाळेकडे ओढतो, तो त्या वर्षांसाठी.

मी निवृत्त झाले तेव्हा शाळेनं निरोप समारंभ केला. भाषणं झाली. बाई शेवटपर्यंत विद्यार्थिनी राहिल्या वगैरे. मला गुदगुल्या होत होत्या. मग मी उभी राहिले आणि पातूरची गोष्ट सांगितली. ती मी तोवर बऱ्याच ठिकाणी सांगितलेली होती. म्हातारीच्या वाक्याला लोक कुठे हसतात, माफीच्या वेळी कुठे थांबायचं, सगळं आता चांगलं बसलं होतं. त्या दिवशीही सगळे हसले, दोघी-तिघींनी डोळे पुसले.

कार्यक्रम संपल्यावर त्या मुलीची आई भेटायला आली. वेण्यांच्या जागी आता अंबाडा होता. मुलगी शिकायला पुण्याला होती, म्हणून हीच आली होती. पाया पडली, माझ्या ओटीत नारळ घातला.

"मॅडम, लय छान सांगतलं तुमी," ती म्हणाली. "आमी तं लहानपणी तथी लपाछपी खेळत होतो, त्या लेण्यांत."

मला एकदम आठवलं, हे तिला कधी विचारायचंच राहून गेलं होतं. "अगं, मग तुला माहीत होतं ना चित्रं नाहीत ते? तेव्हा तू का नाही बोललीस?"

ती हसली. रागानं नाही, अगदी मायेनं.

"बोलली होती ना मॅडम. तुमी मले बी दाराशी उभं केलं होतं, दोन तास. म्हणून तं पोरीले म्हटलं होतं, मॅडमपुढं तोंड उघडू नको. पण ते कुठं आयकते माहं!"

मी तिचा हात धरला. तिच्या दोन वेण्या मला आठवत होत्या, पहिला बाक आठवत होता, मोत्यासारखं अक्षर आठवत होतं. तिला दाराशी उभं केलेलं आठवत नव्हतं. त्या दिवसापासून किती वेळा आठवून पाहिलं. अजूनही आठवत नाही.