निळ्या पडद्यामागचं बाळ

चादर पिळायला दोन माणसं लागतात. एक टोक माझ्या हातात, दुसरं भाऊजींच्या. पीळ निम्म्यावर आला आणि फोटोच्या खोलीतून कॉम्प्युटरची शिट्टी ऐकू आली. त्यांनी टोक सोडलं, चादर बादलीत पडली.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, फोटोग्राफर. गल्लीत त्यांना ‘हनुवटी’ म्हणतात, कारण समोर कोणीही आलं की हे म्हणणार, “हनुवटी जरा खाली, श्वास सोडा.” एकदा भांडायला आलेल्या शेजाऱ्यालाही तेच सांगितलं. तो बिचारा हनुवटी खाली घेऊन उभा राहिला आणि भांडण विसरला. देवाने यांना आवाज दिला, पण चढवायचं बटण द्यायचं राहून गेलं.

त्यांचा कॉम्प्युटर अलीकडे मध्येच निळा पडायचा. अख्खा पडदा निळा, त्यावर पांढरी अक्षरं. पहिल्यांदा आम्ही हसलो. “वहिनी, याला पासपोर्टचा फोटो काढायचाय, मागे निळा पडदा लावून बसलाय!” गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून भाऊजी झटकन बटण दाबायचे आणि पुन्हा चालू करायचे. ती अक्षरं कधी कोणी वाचलीच नाहीत.

आज तो उठेचना. निळा, बंद, निळा, बंद. शेवटी काळा. आतून नुसती टकटक.

त्यात एका बाळाचे फोटो होते. दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं ते. आईने भाऊजींना मुद्दाम बोलावून फोटो काढून घेतले आणि दुसऱ्या दिवशी बाळ गेलं. त्याचा दुसरा फोटो कुठेच नाही. ती आई आजच यायची होती.

भाऊजींनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला, मलाही ऐकू येईल असा. त्याने पहिलंच विचारलं, “निळ्यावर काय लिहिलं होतं?”

“वाचलं नाही.”

“अहो दादा, निळा पडतो म्हणजे तो स्वतःहून थांबतो, नुकसान वाढू नये म्हणून. तुम्ही त्याला उठवून उठवून पळवलंत. आता हात लावू नका. येतो मी, पण शब्द देत नाही. कॅमेऱ्यातल्या कार्डात आहेत का?”

“घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर घेतले की कार्ड पुसतो मी. शिस्त आहे माझी.”

“पुसलेलंही कधीकधी परत मिळतं. त्यावर नवीन काही काढलं नाहीत ना?”

भाऊजींनी होतं ते सांगून टाकलं. कार्ड कॅमेऱ्यात होतं, कॅमेरा माझ्या धाकट्या जावेकडे, आणि ती सकाळपासून शाळेत एकेका वर्गाचे फोटो काढत होती.

“थांबवा त्यांना,” दुरुस्तीवाला ओरडला. “नवा फोटो जुन्याच्याच जागेवर बसतो.”

जावेचा फोन बंद. कामात फोन बंद ठेवायचा, हेही भाऊजींनीच शिकवलेलं.

तेवढ्यात दारात ती आई उभी. हातात नवी फ्रेम, कागदात गुंडाळलेली. “ही त्याला मोठी तर होणार नाही ना हो?”

भाऊजींनी लपवलं नाही. “ताई, कॉम्प्युटर बिघडलाय. चूक माझी. फोटो मिळतील की नाही, मला माहीत नाही.”

तिने फ्रेमवरचा कागद पुन्हा नीट गुंडाळला. मग म्हणाली, “मला त्याचे डोळे आठवत नाहीत. उघडे होते का?”

“उघडे होते. डावा जरा जास्त.”

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते, पण त्याच्याकडे काय मागावं तेच सुचेना. गेलेलं बाळ मागता येत नाही, आणि कार्डासाठी प्रार्थना कशी करतात ते मला कोणी शिकवलेलं नाही.

“वहिनी, यांच्याजवळ बसा,” असं म्हणून भाऊजींनी पायात चपला सरकवल्या आणि कॅमेऱ्यातलं कार्ड काढून आणायला ते शाळेत निघाले.