टेंपेच्या पुडीवर बू पाइनेम

चूक माझीच. गल्लीच्या कचेरीतलं कपाट उघडलं की अंगावर झुरळं पडायची, म्हणून चिटणीस या नात्याने एका रविवारी मी आतले सगळे जुने कागद रद्दीवाल्याला देऊन टाकले आणि दिवसभर स्वतःवर खूश राहिलो. चौथ्या दिवशी कस्दीच्या गाड्यावर आंबवलेल्या सोयाबीनचं गरम तळलेलं टेंपे घेतलं. पुडी उलगडली, तर तेलाच्या डागातून गल्लीतल्या पाइनेमबाई, म्हणजे आमच्या बू पाइनेम, माझ्याकडे रोखून बघत होत्या. ओळखपत्राची झेरॉक्स! नाव, नंबर, जन्मतारीख, सगळं.

संशयाच्या बाबतीत अख्ख्या सोलो शहरात बू पाइनेमचा हात धरणारं कुणी नाही. चाळीस वर्षं त्या बातिकच्या कापडावर मेणाची नक्षी काढताहेत, तीही भिंतीकडे तोंड करून; शेजारीण उचलेल म्हणून. जनगणनेवाल्याने वय विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आधी तुमचं सांगा."

अलीकडे मोतीबिंदूमुळे मेणाची रेघ हलायला लागली होती. सरकारी इस्पितळात शस्त्रक्रियेला नंबर लागला. फक्त शुक्रवारपर्यंत आमच्या कचेरीतून ओळखपत्राची झेरॉक्स जायला हवी होती. मी त्यांच्या दारात पोचलो, पण पुडीची बातमी माझ्याआधी पोचली होती.

"या चिटणीससाहेब, या पाक गुनादी. कुरकुरीत होते का मी?"

"चुकलं, बू. पण डोळ्यांचा प्रश्न आहे. एक झेरॉक्स द्या."

"पुन्हा? गेल्या वर्षी माझ्या नावावर चार फोन नंबर निघाले. घरात फोन नाही माझ्या!"

"म्हणूनच तर जकार्ताला सरकारने नवा कायदा केलाय. कुणाची माहिती उघड्यावर टाकली तर दंड. तुरुंगसुद्धा."

"मग तुम्ही अजून बाहेर कसे?"

मी चपला घालून परत फिरलो.

शुक्रवारी कचेरी बंद करता करता त्या आल्या. झेरॉक्सवर स्वतःच्याच चेहऱ्यावरून त्यांनी मेणाने लिहिलं होतं : 'फक्त डोळ्यांसाठी. टेंपेसाठी नाही.' अक्षरं थरथरलेली, पण प्रत्येक वेलांटीला नक्षी. मागे माझी सही घेतली, अंगठा घेतला. वर माझ्या ओळखपत्राची झेरॉक्स मागून घेतली आणि रुमालात बांधली.

"ही कशाला, बू?"

"माझा कागद पुन्हा गाड्यावर दिसला, की हा कस्दीला देणार."

कागद लिफाफ्यात घालून मी त्यांच्यासमोर चिकटवला. म्हटलं, "आता तरी नव्या कायद्यावर भरवसा ठेवा."

"कायदाही कागदावरच छापलाय ना?"