अंतराळयानातील प्राकृत

माझे आयुष्य कथा सांगण्यात गेले. परंतु त्यांतील एकाही पात्राने कधी मान वळवून मला विचारले नव्हते, की माझा हा वध आणखी किती वर्षे चालायचा आहे. असे विचारणारे पात्र मला उतारवयात, भिलाईतील रुआबांध्याच्या घरी, नातीच्या संगणकासमोर बसल्यावर भेटले.

भिलाईच्या टाउनशिपमधील शाळेत मी संस्कृत शिकवीत असे. निवृत्त झाल्यापासून सेक्टर दोनच्या मंदिरात चातुर्मासात पुराण सांगतो. माझे चिरंजीव इथल्या स्टील प्लांटमध्ये आहेत. नात पदवी घेऊन घरी होती आणि तिच्या वडिलांनी तिच्यासाठी रायपूरच्या एका ठेकेदाराच्या कार्यालयात जागा पाहून ठेवली होती. तिला ती नको होती. पुण्याच्या एका स्टुडिओला विज्ञानकथेवरील एका विनोदी इंग्रजी कार्टून मालिकेचे मराठी संवाद लिहिणारा माणूस हवा होता. एक भाग लिहून पाठवायचा; पसंत पडला तर काम घरबसल्या मिळणार. हे काम तिला का हवे आहे, हे तिने मला एकदाच सांगितले. शाळेत मैत्रिणी तिच्या हिंदीला मराठी म्हणत आणि लग्नकार्यात पुण्याचे नातेवाईक तिच्या मराठीला हिंदी म्हणत. आपल्याला येते ती मराठीच आहे, एवढे कोणीतरी मान्य करावे, अशी तिची इच्छा होती. मीही तिला लहानपणापासून 'मले' म्हणाली की 'मला' म्हणावयास लावीत आलो होतो. त्यामुळे तिच्या मनातील यादीत माझे नाव कोठे असावे, हे मी विचारले नाही.

मालिका अशी होती. एक जनगणना यान ग्रहाग्रहांवर फिरून तेथील रहिवासी मोजते. यानात तीन पात्रे. एक कप्तान, ती स्त्री. दुसरा एक बोलका संगणक, जो मध्येच जाहीर करतो की कथा निम्मी झाली, आता वीज जाईल. आणि वीज जाते. तिसरा यंत्रसेवक, त्याचे डोके चेपलेल्या डब्यासारखे. हा प्रत्येक भागाच्या शेवटी स्फोटात नष्ट होतो आणि पुढच्या भागाच्या आरंभी, काहीही स्पष्टीकरण न देता, चहा घेऊन हजर होतो. आपण कार्टूनमध्ये आहोत, हे त्याला पक्के ठाऊक असते. खलनायक भाषण करू लागला की तो प्रेक्षकांकडे वळून सांगतो, की हा आता आपला सगळा बेत बोलून दाखवील, म्हणजे कप्तानला दोर सोडवून घ्यायला वेळ मिळेल. खलनायक तसेच करतो.

हे पाहून मी रागावेन, अशी नातीची समजूत होती. मला मात्र माहेरी आल्यासारखे वाटले. संस्कृत नाटकात सूत्रधार आधीच येऊन सांगून टाकतो की आज नाटक आहे, कवी गुणी आहे आणि समोरची सभा रसिक आहे. तिसरे विधान तो सभेकडे न पाहता करीत असावा. पुराणात तर कथा सांगणाराच दुसऱ्या कुणाच्या कथेत असतो, आणि ही कथा ऐकल्याने काय लाभेल, हे शेवटी कथाच आपल्या तोंडाने सांगते. उत्कंठेच्या जागी थांबण्याची विद्या तर मलाही परकी नाही. असुराने गदा उगारली की मी पोथी मिटून आरतीला उठत असे, म्हणजे श्रोते उद्या परत येतात. एका वर्षी मध्येच मंदिराच्या रंगकामाला आरंभ झाला आणि ती गदा आठवडाभर वरच राहिली.

नातीने माझ्याकडे मदत मागितली होती. मी उत्साहाच्या भरात सगळेच काम अंगावर घेतले. चार दिवस बसून मी तो भाग मराठीत आणला. आरंभी नमस्कार नसलेली कथा मला अपुरी वाटते, म्हणून संगणकाच्या मुखी दोन ओळींचे मंगल घातले. संस्कृत नाटकात रंगमंचावर मृत्यू दाखवीत नाहीत, म्हणून यंत्रसेवकाच्या स्फोटाच्या वेळी कप्तानच्या तोंडी 'हा निजधामास गेला' हे वाक्य योजले आणि पडद्यावर दिसणाऱ्या चिंध्यांकडे दुर्लक्ष केले. शेवटी, नाटकाच्या रीतीप्रमाणे, सर्व ग्रहांवर वेळेवर पर्जन्य पडो, असा आशीर्वाद जोडला.

नात वाचत गेली. आशीर्वादापाशी ती थांबली.

"आबाजी, त्या तिसऱ्या ग्रहावर तेजाबाचा पाऊस पडतो. तिथले लोक पावसाले घाबरून जमिनीखाली राहून राहिले."

मी तो ग्रह आशीर्वादातून वगळला. बाकीचे तिने आदराने तसेच पाठविले. वडीलधाऱ्यांच्या शब्दाला मान देण्याची आमच्या घरची शिकवण तिला त्या दिवशी महागात पडली.

उत्तर लवकर आले. लिखाण पोथीसारखे आहे. पात्राचे तोंड मिटल्यावरही वाक्य चालू राहते. एक संधी आणखी देतो, आठ दिवसांत पाठवा, आणि या वेळी सोबतचा सूचनांचा तक्ता कृपया वाचा. तोंड मिटण्याची तक्रार खरी होती. यंत्रसेवकाचे तोंड दोन वेळा उघडून मिटते, तेवढ्यात माझ्या वाक्यातील पहिला समासही सुटत नव्हता.

तक्ता आम्ही दोघांनी मिळून वाचला. त्यात प्रत्येक पात्रासमोर त्याची भाषा लिहिली होती. कप्तान: प्रमाण मराठी. संगणक: शुद्ध, भारदस्त. यंत्रसेवक: गावरान, विनोदी. गावरान म्हणजे काय, हे कळावे म्हणून कंसात नमुने दिले होते: मले, तुले, कावून.

नात त्या कंसाकडे पाहत राहिली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सूनबाईंनी विचारले, "कावून वं, आज जेवत नाही का? भात थंडा होऊन राहिला."

सूनबाईंचे माहेर दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमधले, मूळ नागपूरकडचे. आपण नुकत्याच एका तक्त्यातून बोललो, हे त्यांना ठाऊक नव्हते. नात उठली नाही.

त्या क्षणी गप्प राहणे मला सुचायला हवे होते. परंतु शिक्षकाला विषयातील वाक्य दिसले की तास घ्यावासा वाटतो. ही काही त्या लोकांनी काढलेली नवी रीत नव्हे, असे मी तिला समजावू लागलो. प्राचीन नाटकातही राजा आणि मंत्री संस्कृत बोलतात, तर स्त्रिया, सेवक आणि विदूषक प्राकृत बोलतात. भाषेवरून पात्राची पायरी ओळखू यावी, म्हणून आपल्या पूर्वजांनी केवढा सूक्ष्म विचार केला होता पाहा. अर्धा तास मी बोललो आणि मला फार बरे वाटले.

तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "राजाची माय काय बोलत होती, आबाजी?"

"प्राकृत."

"आन् तो लहानपणी वाढला कोणापाशी?"

"तिच्यापाशीच."

"मग मोठा झाल्यावर ती बोलली का तो हसत होता का तिले?"

इतकी वर्षे मी ही नाटके शिकवली. कोणी हा प्रश्न विचारला नाही, कारण तो परीक्षेत येत नसे. आणि मलाही तो पडला नाही, कारण मला परीक्षा काढायची असे. मी डोळे मिटून एकेक प्रवेश आठवू लागलो. राजा संस्कृतात विचारतो, समोरची स्त्री प्राकृतात उत्तर देते, आणि दोघांना एकमेकांचे पुरते कळते. दुभाष्या लागत नाही. कोणी हसत नाही. विदूषकाला हसतात ते त्याच्या लाडवांच्या हावेला. त्याच्या बोलीला हसल्याचे मला एकही स्थळ आठवेना. पूर्वजांनी पायऱ्या केल्या होत्या, हे खरेच आहे, आणि त्या करताना पायरीवर उभे राहणाऱ्यांचे मत घेतले नव्हते, हेही तितकेच खरे. परंतु वरच्या पायरीवर बसून खाली पाहत हसण्यासाठी मी आताच त्यांचा आधार दिला होता, तो माझा उद्योग होता.

"नव्हता हसत," मी म्हणालो.

"मग हे काय मागून राहिले?" ती तक्त्यावर बोट ठेवून म्हणाली, आणि जेवायला गेली.

पुढचे सहा दिवस तिने एकटीने लिहिले. मला फक्त जवळ बसायची मुभा होती. लिहिलेले ती मोठ्याने वाचे, आणि दाराआडून सूनबाई कधी हसत, कधी "असं नाही म्हणत वं" म्हणून दुरुस्ती सुचवीत. माझ्या घरात मराठी सुधारण्याचा अधिकार असा दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात गेला, आणि संवाद झपाट्याने बरे होऊ लागले. वाक्ये आखूड झाली. तोंड मिटले की शब्दही संपू लागले.

अडचण दोन जागी होती. मूळ इंग्रजीत यंत्रसेवकाला चिरका आवाज दिला आहे, आणि स्फोटाच्या आधी तो प्रेक्षकांकडे वळून म्हणतो, की मी काही बोलण्याआधीच तुम्ही हसता, कारण तुम्ही हसावे म्हणूनच मला हा आवाज दिला आहे. तिथे नातीने लिहिले: "मी तोंड उघडायच्या आधीच तुम्ही हसून राहिले. कावून? माझी माय असंच बोलते."

यंत्राला आई कुठली, अशी शंका मी काढली. ती म्हणाली, प्रत्येक भागात मरून तो चहा घेऊन येतो, ते तुम्हाला चालते ना? मी शंका मागे घेतली.

दुसरी जागा कप्तानची. वीज जाते, यान कोसळू लागते, आणि घाबरलेली कप्तान अंधारात यंत्रसेवकाला हाक मारते. तिथे नातीने प्रमाण मराठी सोडून कप्तानच्या तोंडी घातले: "कुठं आहेस रे? मले काही दिसून नाही राहिलं." तक्त्याचा हा उघड भंग होता. चिरंजीवांनी जेवताना आपले मत दिले, की सांगितले तसे लिहावे, काम पदरात पडू द्यावे, मग सुधारणा कराव्या. प्लांटमध्ये नोकरी करणाऱ्याचे शहाणपण त्यात होते, आणि ते चूक नव्हते. हा भाग नापसंत झाला तर पुढच्या सोमवारी तिला रायपूरला जायचे होते. नातीने जेवण झाल्यावर भाग तसाच पाठविला.

दोन दिवसांनी स्टुडिओतील बाईंचा व्हिडिओ कॉल आला. मी खोलीत, पण चित्राच्या बाहेर बसलो. बाई फार सौजन्याने बोलल्या. यंत्रसेवक सर्वांना आवडला होता, कार्यालयात सगळे हसून लोटपोट झाले होते. कप्तानच्या वाक्यात नजरचुकीने बोली आली आहे, ती त्यांनी दुरुस्त करून घेतली होती. आणि त्यांना एक सुचले होते: संवाद तर ती लिहीलच, पण तिने यंत्रसेवकाचा आवाजही का देऊ नये? मुंबईचे कलाकार ही बोली काढतात, पण ओढूनताणून वाटते.

"फक्त थोडं वाढवून बोलाल का?" बाई म्हणाल्या. "अजून जरा गावरान. लोकांना कळलं पाहिजे ना."

नात म्हणाली, "वाढवून नाही होत, मॅडम. आमच्या घरी एवढंच आहे ते."

मला वाटले संपर्क तुटला. परंतु पडद्यावर बाईंच्या पापण्या हलत होत्या. नंतर त्या म्हणाल्या की टीमशी बोलून कळवते.

पुढचे तीन दिवस मी जप वाढविला. मात्र देवाकडे नेमके काय मागावे, हे ठरेना: काम मिळावे, की वाढवून बोलावे लागू नये. अखेर दोन्ही मागितले, आणि एका घरातून इतके मागणे जास्त दिसेल, म्हणून माझ्या गुडघ्यांचा विषय तेवढे दिवस काढला नाही. सूनबाईंनी मुलीची रायपूरची बॅग भरायला घेतली होती, आणि भरलेले कपडे पुन्हा पुन्हा काढून घडी करीत होत्या.

रविवारी दुपारी पत्र आले. काम मिळाले होते. लिहिण्याचे आणि आवाजाचेही. सोबत पुढच्या भागाचा नवा तक्ता होता. यंत्रसेवकासमोरचे 'गावरान, विनोदी' खोडले होते, कंस गेला होता, आणि तिथे लिहिले होते: 'लेखिका बोलते तसे.' नातीने ते तीन शब्द दोनदा वाचले आणि पडदा माझ्याकडे वळविला, मी तपासून द्यावेत म्हणून नव्हे, मीही वाचावेत म्हणून. कप्तानसमोर मात्र पूर्वीप्रमाणेच लिहिले होते: प्रमाण मराठी, सर्व प्रसंगी.

सूनबाई हात पुसत आल्या. मी त्यांना तक्ता समजावून दिला: हा यंत्रसेवक आपल्या पोरीचा, आणि ही कप्तान.

"म्हणजे यान पडून राहिलं, अंधार झाला, तरी ती असंच बोलते का मामाजी?" त्यांनी विचारले.

मी सांगितले, होय, तसा नियम आहे.

सूनबाईंनी तक्त्यातील कप्तानच्या चित्राकडे क्षणभर पाहिले. "मंग तिच्या घरी कोणी नसन," त्या म्हणाल्या, आणि बॅग रिकामी करायला आत गेल्या.