कालवं पळत नाहीत

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन ओहोटीत, आमच्या गावच्या खाडीतल्या कालवांवर, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांवर, ट्रकभर राडारोडा ओतला गेला. अन्याय कालवांवर झाला. हे आधीच लिहून ठेवतो, कारण गावात कुणी ते मानायला तयार नव्हतं.

गोदामासाठी जागा भरायची असली की आमच्याकडे आधी पत्र्याचा डबा बडवतात. खेकडे, साप, घोरपड, जे असेल ते निघून जावं, जिवावर भराव पडायला नको. रीत चांगलीच आहे. चूक पुढे होते. डब्याला जे पळालं नाही, ते जनावरच नाही असं ठरतं. त्या सकाळी डबा माझ्या काकांनीच बडवला, जागाही त्यांचीच.

"आता ऱ्हायला तो खडक हाय," असं म्हणून त्यांनी पहिला ट्रक रिकामा करवला.

दुसरा मागे उभा होता. मी चिखलात उतरलो, कालवं चिकटलेला एक दगड उचलला आणि खाडीच्या पाण्याच्या बादलीत ठेवून काकांपुढे आणला. याला आता कालवांची वरात काढायचीय, असं शेजारची काकू म्हणाली. ड्रायव्हरही हसला. हसू देत.

काही वेळाने शिंपले केसभर उघडले. मी सांगत गेलो. याला कल्ले आहेत, हृदय आहे. झाडासारखं हे उन्हावर अन्न तयार करत नाही, पाण्यातलं गाळून खातं. पिल्लू असताना पोहतं. मग इवल्या पायाने खडक चाचपत जागा निवडतं, एकदाच, आणि जन्मभर तिथेच राहतं. गोदामाची जागा निवडताना आपण एवढं तरी चाचपलं होतं का?

काका बादलीवर वाकले. त्यांची सावली पडली आणि शिंपला मिटला. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"म्हंजे डबा ऐकून यानं दार लावलं असल," ते हळूच म्हणाले. "आनि आपन वरना भराव टाकला."

दुसरा ट्रक भरलेलाच परत गेला, ड्रायव्हरच्या हिंदी शिव्यांसकट. पहिल्याचा राडारोडा आम्ही भरती चढायच्या आत घमेल्यांनी उपसला. काका सर्वांत पुढे होते. बरीच कालवं फुटली होती. उरलेली मात्र अंग मिटून तग धरून होती, आणि पाणी वर आलं तशी एकेक उघडली. मेंदू म्हणावा असा मेंदू नाही, पळायला पाय उरलेला नाही, तरी जगायचं कसं ते पक्कं ठाऊक. एवढा चिवट शेजार मला दुसरा मिळालेला नाही.

तुमच्या काठावर भराव पडणार असेल, तर चपला काढून चिखलात उतरा. खडकाला काय चिकटलंय ते स्वतः बघा. आणि ट्रक अडवा.