दहाचे सहा

माझं कामच लोक उशिरा येतात या गोष्टीवर चाललेलं होतं. हिंजवडीत तेव्हा शेतांच्या मधोमध काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांतल्या एका कंपनीच्या बसेसचं वेळापत्रक माझ्याकडे होतं. बस सव्वासातला सुटणार असेल तर मी सात सांगायचे. तरी एखादा इंजिनिअर एका हातात बूट घेऊन धावत यायचाच. माणसं कितपत उशीर करतात याचा मला चांगला अंदाज होता. माणसं किती लवकर येऊ शकतात, याचा विचार मात्र कधी करावा लागला नव्हता.

आमच्या कंपनीच्या फाटकावर सुरक्षेचे प्रमुख म्हणून एक निवृत्त सुभेदार होते. एकदा मी घराची किल्ली विसरले, ती द्यायला बाबा आले आणि पाहुण्यांच्या रजिस्टरवर सही करता करता थबकले. सुभेदारही थबकले. दोघं एकाच पलटणीतले निघाले. मी खाली आले तेव्हा सुभेदारांच्या केबिनमध्ये दुसरा चहा चालू होता आणि किल्ली टेबलावर पडली होती.

त्या चहातून मेळावा निघाला. निवृत्त फौजी तेव्हा पुण्यात सगळीकडे पहाऱ्यावर होते. सॉफ्टवेअर कंपन्या, नव्या सोसायट्या, बँकांची एटीएम, जिथे काच आणि किल्ली होती तिथे एक फौजी होता. सुभेदारांनी एकाला सांगितलं, त्याने दुसऱ्याला. मी वारज्यातल्या आमच्या विहाराचा हॉल ठरवला, जेवणाची माणसं मोजली, खुर्च्या, सतरंज्या, पाण्याचे जार असं सगळं लिहून काढलं. माइक लिहून खोडला. तोफांशेजारी नोकरी केलेली ही माणसं, हळू कुणीच बोलत नव्हतं.

रविवार ठरला, वेळ सकाळी दहा. मी सुभेदारांना स्पष्ट सांगितलं, "दहा."

त्याच आठवड्यात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"ताई, हडपसरच्या पुढं मांजरी गावात एका नव्या सोसायटीच्या गेटवर आमचा एक नाईक आहे. त्याला तिथं तुमचे काका दिसले. बाबांचे धाकटे भाऊ."

मी खुर्चीत बसले.

काका आणि बाबा एकाच पलटणीत होते. काका जबलपूरला ट्रेनिंगसाठी गेले असताना बाबांनी रजेवर येऊन गावी त्यांचं लग्न ठरवलं. मांडव पडला, मुलीकडचे आले, काका आलेच नाहीत. त्यांनी जबलपूरलाच लग्न केलं होतं आणि ते मोठ्या भावाला सांगायची छाती झाली नव्हती. मी तेव्हा लहान होते, मला फक्त पातेलंभर उरलेली बुंदी आठवते. बाबांनी काकांना कळवलं की या घराचं दार तुला बंद. काकांनी बदली मागून घेतली. आजी गेली तेव्हाही ते आले नाहीत, कारण त्यांना कुणी कळवलंच नाही. आता मुलीकडे राहायला म्हणून ते मांजरीत आले होते. एकाच शहराच्या दोन टोकांना हे दोन भाऊ कधीपासून दूध आणत होते आणि वर्तमानपत्र वाचत होते.

"येतील का?" मी विचारलं.

"निरोप धाडलाय. म्हणाले, दादाला चालत असेल तर येतो."

मी घरी जाऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बघू." मग त्यांनी इस्त्री काढली. आठवडाभर एकच शर्ट चार वेळा इस्त्री झाला. रात्रीचं जेवण अर्ध्यावर सोडून ते बाल्कनीत उभे राहायचे, आत यायचे, टीव्ही लावायचे, बंद करायचे. "तो जाड झाला असेल का गं?" असं एकदा मला विचारलं आणि उत्तर ऐकायला थांबलेच नाहीत. जावयाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांनी तीनदा विचारलं की हॉलला दुसरं दार आहे का.

रविवारी मी उठले तेव्हा ते टाय बांधून, पदकं लावून सोफ्यावर बसले होते.

"चल."

"बाबा, हॉल नऊला उघडतो. दहा म्हणजे दहा."

"फौजेत दहा म्हणजे दहा नसतं."

मी हसले आणि पोहे करायला गेले. तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

आम्ही नऊला स्कूटरवरून पोचलो. नवरा जेवणाचा टेम्पो घेऊन पुढे गेला होता. हॉलच्या पायऱ्यांवर पंधरा-वीस म्हातारे आधीच बसलेले होते, ब्लेझर घालून, काही जण पेंगत. वॉचमन कुलूप काढत होता. अस्सल पुणेकर.

"या," तो मला म्हणाला. "तुमच्या मंडळींना घरी झोपू देत नाहीत का हो? सातपासून पायऱ्या झाडतायत."

मी सुभेदारांकडे पाहिलं. ते पायऱ्यांवरच होते.

"तुम्ही वेळ किती सांगितली होती?"

"नऊ. तुम्ही दहा म्हणालात, एक तास आपला हाताशी ठेवला."

शेजारचे हवालदार म्हणाले, "मला साहेबांनी नऊ सांगितलं. मी खाली आठ सांगितलं. पुण्याचं ट्रॅफिक."

त्यांच्या पलीकडे मांजरीचे नाईक बसले होते. "मला आठ कळलं. मी पुढं सात सांगितलं."

सगळे हसायला लागले. मग मला बाबांनी समजावलं. फौजेत वरून आलेली वेळ कुणी तशीच खाली देत नाही. खालचा उशिरा आला तर बोलणी मला, म्हणून प्रत्येक जण आपल्यापुरता थोडा वेळ कापून घेतो. त्यामुळे जनरल दहाला येणार असेल तर जवान पहाटेपासून उन्हाची वाट बघत उभा असतो. सुभेदार सोडले तर खरी वेळ फक्त बाबांना माहीत होती, कारण ते माझ्या घरात राहत होते.

"आणि काकांना कुणी सांगितलं?" मी विचारलं.

नाईकांनी हात वर केला. "मीच. सात."

"म्हणजे तो सहाला आला असणार," बाबा म्हणाले. ते आता हसत नव्हते.

वॉचमन कुलूप हातात धरून वळला. "ते होय? उंच, मफलरवाले? आले होते ना. अंधारच होता. मोटरसायकलवाला सोडून गेला. कुलूप हलवून बघितलं, इकडून तिकडे फेऱ्या मारल्या. मी म्हटलं, अहो बसा. तर म्हणाले, मोठ्या भावाने ऐनवेळी नाही म्हटलं असेल, म्हणून रद्द झालं. आणि गेले."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाही, कार्यक्रम दहाला आहे म्हणून?"

"मला कुणी सांगितलं होतं का? मला नऊला कुलूप काढायला सांगितलंय."

बाबांनी दाराकडे पाहिलं. दार आता उघडं होतं, तरी ते तिथेच बघत होते. मग ते फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. पायऱ्यांवर चर्चा सुरू झाली. एक म्हणाला दोघादोघांची टोळी करून शोधू. दुसरा म्हणाला बसस्टॉपवर माणूस ठेवा. तिसऱ्याने विचारलं, टोळीचा कमांडर कोण, आणि त्यावर वाद लागला. त्यातच दहा वाजले.

"घरचा नंबर?" मी नाईकांना विचारलं.

"फोन बसला नाही अजून त्यांच्याकडं. मी समोर जाऊन सांगितलेलं. सोसायटी माहितीय, तळमजला, उजवीकडं."

मी मनात मांडणी केली. वारज्याहून मांजरीला रविवारच्या बसने, एक बस बदलून, म्हणजे ते घरी पोचले असतील. माणूस पाठवावा, मेळावा सुरू करावा, जेवणापर्यंत त्यांना आणावं. मी हे बोलून दाखवलं.

"कुणाला पाठवायचं नाही," बाबा म्हणाले. "मी जातो."

"तुमचा गुडघा..."

"तो दोन बस करून परत गेला असेल. स्कूटर काढ."

मी नवऱ्याला मोबाइल हाताशी ठेवायला सांगितलं आणि निघाले. बाबा मागे बसले, पदकं वाऱ्याने खुळखुळत होती. प्रत्येक सिग्नलला ते खांद्यावरून पुढे वाकायचे. "हिरवा झाला का?" "नाही झाला बाबा." "झाला असेल." स्वारगेटला ते बसमधल्या माणसांकडे मान वळवून वळवून बघत होते. हडपसरच्या पुढे रस्ता मोकळा झाला, एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला बांबूचे परांचे बांधलेल्या इमारती. बाबा म्हणाले, "तो नाही म्हणाला तर?" मी म्हटलं, "कशाला नाही म्हणेल?" ते म्हणाले, "मी म्हणालो होतो की."

तळमजला, उजवीकडे. दार उघडलं ते माझ्यापेक्षा लहान एका बाईने. तिने बाबांच्या पदकांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. तिच्या वडिलांचं नाक तिला आलं होतं, म्हणजे बाबांचंच.

"मोठे बाबा?" ती म्हणाली. जबलपूरच्या वळणाची मराठी होती तिची. "आप... तुम्ही इथे कसे? पापा तर तिकडेच गेले."

"सकाळी गेला होता. परत नाही आला?"

"आले होते. पाणी प्यायले, बूटसुद्धा काढले नाहीत. बसले, उठले, बसले. मग म्हणाले, पुन्हा एकदा बघून येतो, कदाचित मीच लवकर गेलो असेन. रिक्षा करून गेले. झाला की एक तास."

आम्ही वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडलं होतं. बहुधा बाबा बसमध्ये वाकून बघत होते तेव्हाच.

मी नवऱ्याला फोन लावला. मागे हॉलमध्ये गलका होता. "अगं, आत्ताच आलेत," तो म्हणाला, "आणि तुम्ही मांजरीला गेलात म्हणून कळल्यावर रिक्षा शोधायला निघालेत. सुभेदारांनी कोट धरून ठेवलाय."

बाबांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला. तो त्यांनी उलटा धरला, मी सरळ करून दिला.

"दे त्याला," ते म्हणाले. काका फोनवर आले. आणि बाबांची भाषा एकदम बदलली. पुण्यात इतकी वर्षं राहून सवयीची झालेली त्यांची घोटीव मराठी गेली आणि आमच्या गावची आली.

"कुठी जाऊ नको बे. तिथंच थांब."

पलीकडचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला. "मी येतो ना दादा. तू कायले धावतं?"

"तू निघाला का मी निघीन, अन् दिवसभर हेच चालंन. थांब म्हटलं तर थांब."

"हुकूम हाये का?"

"हुकूमच समज."

"किती वाजता येतं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सिग्नल धरून हिशेब केला. "साडेबारा सांगा."

"बाराले पोचतो," बाबा फोनमध्ये म्हणाले.

चुलत बहीण म्हणाली चहा तरी घ्या. बाबा म्हणाले, "पुढच्या रविवारी. आता तू पण चल." तिने दाराला कुलूप लावलं आणि रिक्षाने आमच्यामागे आली. परतीच्या वाटेवर बाबांनी मला दोनदा वेग वाढवायला सांगितलं आणि एकदा, आयुष्यात पहिल्यांदाच, सिग्नल तोडायला सांगितला. मी तोडला नाही. साडेबाराला पाच कमी असताना आम्ही विहाराच्या रस्त्यावर वळलो.

काका फाटकाबाहेर उभे होते. मफलर, कोट, काठीसारखा ताठ माणूस. नवरा नंतर म्हणाला की साडेअकरापासून ते तिथेच होते, कुणी खुर्ची आणली तर तीही बाजूला सारली.

मी स्कूटर थांबवली. बाबांना उतरता येईना. सकाळपासूनच्या प्रवासाने गुडघा आखडला होता, पाय सीटवरून पलीकडे जाईना. ते एका हाताने माझा खांदा आणि दुसऱ्याने पॅन्ट धरून तसेच अडकून राहिले.

काका पुढे आले. त्यांनी खाली वाकून बाबांचा पाय दोन्ही हातांनी उचलला, सीटवरून अलगद इकडे आणला आणि जमिनीवर ठेवला. मग बाबांना काखेत धरून उभं केलं.

"कवापासून हाये हे गुडघ्याचं?"

"झाले आठ-दहा वर्ष."

"मले कळवाचं नाही?"

"कुठी कळवू?"

काकांनी काखेतला हात सोडला नाही. दोघं तसेच, एकाच्या पायाने अडखळत, आत चालायला लागले. वॉचमन दाराशी उभा होता. त्याने घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आता बंद कितीला करायचं, तेवढं एकदा नक्की सांगा."