आमचे साडू मुरुमला गेले नाहीत

सर्व पाहुण्यारावळ्यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या फाल्गुनात आमचे थोरले साडू एका कार्यक्रमाला गेले नाहीत. ज्यांना हे वाचून खुर्चीचा हात धरावासा वाटला, ते आमच्या नात्यातले. बाकीच्यांना थोडं सविस्तर सांगावं लागेल.

पाहुणा म्हणून जगात यावं आणि पाहुणा म्हणूनच वावरावं, असा हा माणूस. हयात एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून गेली, म्हणजे लोकांना गावोगाव पाठवण्यात. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते स्वतःच गाडीत बसले आणि तेव्हापासून खऱ्या अर्थाने उतरलेले नाहीत. लग्न, बारसं, तेरावा ही झाली सर्वसामान्य माणसांची निमित्तं. साडूंना परंड्याच्या मावसभावाच्या म्हशीला रेडी झाली एवढं पुरतं. त्या रेडीला बघायला ते गेले तेव्हा मावसभाऊ सहकुटुंब बाहेरगावी होता, घराला कुलूप. दुसरा कोणी परत फिरला असता. साडूंनी शेजारच्या घरी पाणी मागितलं, पाण्यावर चहा झाला, चहावर जेवण झालं आणि दोन मुक्काम करून ते निघाले तेव्हा शेजाऱ्यांची म्हातारी डोळ्याला पदर लावून म्हणाली, "पुन्हा या बरं का." आता ते परंड्याला शेजाऱ्यांकडेच उतरतात. मावसभाऊ तिथं येऊन त्यांना भेटतो.

बोलण्याची ढब मात्र स्टँडवरचीच राहिली. माइक गेला, आवाज उरला. घरात जेवायला बसतानाही, "स्वयंपाकघरातून निघणारी भाकरी काही मिनिटं उशिरानं येत आहे, मंडळींनी नोंद घ्यावी!" असं ते गल्लीला ऐकू जाईल इतपत जाहीर करतात. एका लग्नात त्यांनी पंगतीला असं काही पुकारलं, की वरपक्षाचे चार जण सवयीनं पिशव्या उचलून उभे राहिले.

तर अशा माणसाची सख्खी भाची सुनंदा, मुरुमच्या अक्कांची एकुलती एक लेक. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. अक्कांनी फोन केला आणि साडूंनी तो उभ्या उभ्या सगळ्या गल्लीला ऐकवला. डोहाळजेवणाची हिरवी साडी मामाची, धाराशिवचे गुलाबजाम मामाचे, आणि जेवताना पहिला घास मामाच्या हातचा, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. अक्कांना फक्त तारीख ठरवायची मुभा होती.

आणि तारखेला दोन आठवडे उरले असताना साडूंच्या नातीला, पाच वर्षांच्या आरोहीला, कांजण्या निघाल्या.

आमच्या मेहुणीबाईंनी, म्हणजे साडूंच्या पत्नीनं, रीतीप्रमाणे दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, फोडणी बंद केली. घरात देवी पाहुणी आली आहे, तेव्हा बाकीच्या पाहुण्यांनी यायचं नाही आणि घरच्यांनी कुठं जायचं नाही. आजवर साडूंनी ही रीत बाहेरून पाहिली होती. आता आतून पाहताना ते पिंजऱ्यातल्या पोपटासारखे ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत. आरोही मात्र मजेत होती. आजोबांकडून रोज फोड मोजून घ्यायची आणि एखादा चुकला की पहिल्यापासून सुरुवात.

नऊ-दहा दिवसांत पोरीच्या खपल्या पडल्या. डहाळा उतरला, घरात जिऱ्या-मोहरीची फोडणी तडतडली. साडूंनी बॅग काढली. पण जाता जाता पोरीला एकदा दाखवून आणू म्हणून ते डॉक्टरांकडं गेले आणि तिथं उत्साहानं मुरुमचा सगळा कार्यक्रम सांगून बसले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"काका, तुम्हाला लहानपणी कांजण्या झाल्या होत्या का?"

"का बरं?"

"झाल्या नसतील तर आता तुम्हाला निघू शकतात, आणि अंगावर दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तुमच्याकडून दुसऱ्याला लागण होते. गरोदर बाईला त्या झालेल्या नसतील तर तिला आणि बाळाला धोका. तीन आठवडे तिच्या जवळ जाऊ नका."

घरी येऊन साडूंनी जी फोनाफोनी केली तिला तोड नाही. मेहुणीबाईंना लहानपणी झाल्या होत्या, त्यांची वाट मोकळी. प्रश्न साडूंचा. भूमचे काका म्हणाले, "पोरगी बरी झाली की, आता काय ऱ्हायलं?" परंड्याच्या शेजारणीनं सांगितलं, तोंडाला रुमाल बांधून जा. मी पेचात पडून म्हणालो, "दोन तासांचा तर प्रश्न आहे." शेवटी मुरुमला फोन लागला. अक्का वडील बहीण. साडूंच्या बालपणाचं सगळं दप्तर त्यांच्याच ताब्यात.

"अक्का, मला कांजण्या झाल्या व्हत्या का गं?"

"झाल्या असत्याल की. कुणाला होत न्हायत?"

"तसं न्हाय, तुला आठवतंय का?"

"तू येनार हायस का न्हाय, ते सांग! नऊ वर्सांनी पोरीला दिवस गेल्यात आन् तू फोडं मोजत बसलाय व्हय!"

"आन् सुनंदाला?"

"माझ्या सुनंदाच्या अंगावर कदी साधं पुरळ उठलं न्हाय," अक्का अभिमानानं म्हणाल्या.

साडूंनी फोन ठेवला. इस्त्रीचं धोतर बॅगेतून काढून पुन्हा खुंटीला अडकवलं. मग खणखणीत आवाजात, पण माइकची तार सैल झाल्यासारखं म्हणाले, "धाराशिव-मुरुम ही गाडी रद्द करण्यात आलेली आहे."

अक्कांनी ते मनाला लावून घेतलं. भाऊ बायकोला पुढं करतो आणि स्वतः घरी बसतो म्हणाल्या, बोलणं बंद.

साडी आणि गुलाबजामचा डबा घेऊन मेहुणीबाईंबरोबर मी मुरुमला गेलो. साडूंनी डब्यावर दहा वेळा हात फिरवला आणि अकराव्या वेळी मागं घेतला. तिकडं अक्का माझ्याशी चांगलं बोलल्या. साडूंचं नाव निघालं की मात्र त्या चुलीकडं वळत. सुनंदा हिरव्या साडीत फार सुरेख दिसत होती. पहिला घास मेहुणीबाईंनी भरवला. तिनं तो खाल्ला, पण डोळे दाराकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडूंच्या घरून व्हिडिओ कॉल आला तेव्हा आम्ही अजून मुरुमलाच होतो. पडद्यावर साडू. कपाळावर, गालावर, टकलावर लाल पुरळ, त्यातले दोन-चार फोड पाण्यानं टरारलेले, आणि सगळ्यावर गुलाबी औषधाचे ठिपके. मागं आरोही हातात वही घेऊन उभी होती आणि "आजोबा, हलू नका" म्हणत मोजत होती. ताप असूनही साडूंचा चेहरा निवडून आल्यासारखा फुललेला.

"मंडळी, लक्ष द्या! कांजण्या पहाटे येऊन पोचल्या आहेत!"

सुनंदा तोंडावर हात ठेवून हसत सुटली. हसता हसता तिचा दुसरा हात आपोआप पोटावर गेला आणि तिथंच राहिला. हसू थांबलं. अक्का माझ्या खांद्यावरून पडद्यात बघत होत्या. भावाशी बोलायचं नाही हे त्या विसरल्या आणि एकदम म्हणाल्या,

"आरं, काल आला असतास तर म्याच तुला हाताला धरून सुनंदाच्या शेजारी बसिवलं असतं रं!"